आठ माद्यांचे वय

ज्या प्राण्याच्या मरणाला माझी संमती मागितली जाते, तो प्राणी मी आधी डोळ्यांनी पाहीन आणि मगच सही करीन, असे मी समितीच्या पहिल्याच बैठकीत सांगितले होते. ते कोणालाही आवडले नव्हते. वाळूजच्या पलीकडे औषध-संशोधनाची एक प्रयोगशाळा आहे. तिथे प्राण्यांवर प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येक अर्जाला एका समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत विज्ञानाशी संबंध नसलेली, समाजातील एक व्यक्ती असावी लागते. एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली, नित्यनेमाने पूजापाठ करणारी, कोणाशी आवाज चढवून न बोलणारी बाई या जागेसाठी त्यांना सोयीची वाटली असावी. मी सोयीची निघाले नाही, एवढीच त्यांची माझ्याविषयीची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

घरातली तक्रार निराळी होती. गुलमंडीच्या मागे आमचे बिऱ्हाड आहे आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते. डुकरांच्या खोलीत जाऊन आलेल्या बाईने देवघरात पाऊल ठेवावे, हे तिला सोसत नसे. मी तिथून परतले की ती जिन्यात उभी राहून विचारी, "आज कुत्रं होतं की तेच?" मी सांगे, तेच होते. मग ती पदर सावरून भिंतीकडे सरके. एकदा मी तिला म्हटले, वेरूळला वराहमूर्तीपुढे तू हात जोडलेस तेव्हा मी शेजारीच उभी होते. दगडाच्या वराहाला चालते ते जिवंताला का चालू नये? ती म्हणाली, "तो देव आहे, वहिनी. हे डुक्कर आहे." भगवंताने जो देह एकदा धारण केला तो देह मला अमंगळ मानता येत नाही, असे माझे उत्तर होते आणि आजही आहे. घरी आल्यावर मी स्नान करते, पण ते प्रवासाच्या धुळीसाठी.

प्रयोगशाळेतली ही डुकरे रस्त्यावर दिसतात तशी नसतात. पिढ्यान्‌पिढ्या लहान चणीची राखलेली ही जात. तिथले सगळे तिला मिनीपिग म्हणतात. पूर्ण वाढलेले जनावरही मोठ्या कुत्र्याएवढेच भरते. कातडी फिकट, कान लहान आणि उभे, डोळ्यांना पांढऱ्या पापण्या. माणसाच्या कातडीशी, काळजाशी, पोटाशी त्यांचे साम्य असते म्हणून त्यांच्यावर औषधे तपासली जातात. औषध देऊन झाल्यावर त्यांना मारतात आणि आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे सारे मला पहिल्या दिवशीच सांगण्यात आले होते. ते ऐकून मी समिती सोडीन, असे जाऊबाईला वाटले होते. मी सोडली नाही. मी सोडली असती तर माझ्या जागी न पाहता सही करणारे कोणी आले असते.

ज्या अर्जाची गोष्ट मी सांगते आहे तो संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आला. स्त्रियांच्या एका दुखण्यावरचे नवे औषध होते. ते घेतल्याने अंडाशयावर काही दुष्परिणाम होतो का, एवढे पाहायचे होते. त्यासाठी आठ माद्या निवडलेल्या होत्या. चार जणींना महिनाभर रोज औषध, चार जणींना नुसता गोड पाक, मग आठही जणींचा अंत आणि तपासणी. अर्जात लिहिले होते की सर्व माद्या सहा महिने पूर्ण झालेल्या असून लैंगिकदृष्ट्या प्रौढ आहेत.

हा अर्ज माझ्याच एका विद्यार्थिनीचा होता. शहागंजच्या बाजूच्या एका मुसलमान घरातली ही मुलगी आठवी ते दहावी माझ्या वर्गात संस्कृत शिकली होती आणि तिच्याएवढे स्वच्छ उच्चार त्या वर्गात दुसऱ्या कोणाचे नव्हते. आता ती तिथली संशोधिका होती. मी समितीत आले तेव्हा तिला प्रथम संकोच वाटला, मग गंमत वाटली. ती काय काम करते ते तिने घरी नीटसे सांगितलेले नव्हते. ती मला म्हणाली होती, "बाई, अम्मीला एवढंच सांगितलंय की जनावरांचं औषधपाणी बघते. तुमच्या देवघराची आणि आमच्या अम्मीची तक्रार एकच आहे."

तिची नेमणूक मार्चअखेरपर्यंतची होती. हा प्रयोग वेळेत झाला तर ती पुढे वाढणार होती. हे मला ठाऊक होते आणि पुढे जे मी केले ते हे ठाऊक असतानाच केले.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या बसने बजाजनगरला उतरले आणि तिथून प्रयोगशाळेच्या गाडीने प्राणीगृहात गेले. तिथली देखभाल ज्याच्याकडे होती त्याला सगळे मामा म्हणत. अजिंठ्याकडच्या एका खेड्यात त्याची थोडी शेती होती. वयाने तो साठीकडे झुकलेला, शाळा चौथीपर्यंतची. पायांत निळी प्लास्टिकची वेष्टणे घालून मी त्याच्यामागून आत गेले. आठही माद्या एका मोठ्या कोंडवाड्यात होत्या. माझी चाहूल लागताच त्या भिंतीशी गेल्या, मग एकेक करून परत आल्या आणि माझ्या वेष्टणांचा वास घेऊ लागल्या. एकीने प्लास्टिक ओढून पाहिले. मला त्यांची चाल मोठ्या जनावराची वाटली नाही. पण मला डुकरांतले काय कळते, म्हणून मी मामालाच विचारले की या वयात आलेल्या आहेत ना.

त्याने माझ्याकडे न पाहता दाराची कडी लावली. मग म्हणाला, "बाई, कागुद काय म्हनतो?"

मी सांगितले, कागद म्हणतो सहा महिने पुरे झाले.

"मंग झाले आसतील. पर माजावर एकबी आली नाय आजून. लई कोवळ्या हायत."

हे त्याने वर कोणाला सांगितले होते का, असे मी विचारले. त्याने सांगितले होते. उत्तर मिळाले होते की या जातीत माजाची लक्षणे मंद असतात, तुझ्या लक्षात आली नसतील. आणि लहान दिसतात म्हणावे तर लहान असणे हाच त्यांचा गुण. तेव्हा त्याचे म्हणणे तिथेच संपले होते. मी विचारले, यांचा जन्म तुमच्यासमोर झाला का. तो म्हणाला, "व्हय. दोघी माया एकाच दिशी याल्या. नागपंचमीच्या आदल्या दिशी. घरवालीचा भावाचा उपास व्हता, आन् मी हितं आडकलो. सांजच्याला घरी गेलो तं ती बोललीच न्हाई."

भावाचा उपवास मीही केला होता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, श्रावण शुद्ध चतुर्थीला, बहिणी भावासाठी उपाशी राहतात. माझा भाऊ जाऊन बारा वर्षे झाली तरी मी तो सोडलेला नाही. आणि तो मी कधी केला होता हे मला पक्के आठवत होते, कारण त्याआधीचा सबंध महिना मी रोज एक पोथी वाचत होते. ते अधिक श्रावणाचे वर्ष होते. श्रावण दोन आले होते. आधी अधिक, मग निज. अधिक महिन्यात दानधर्म होतो, वाचन होते, जावयाला अनारसे दिले जातात, पण सणवार होत नाहीत. नागपंचमी, राखी सगळे निज महिन्यातच. अर्जातली जन्मतारीख जुलैची होती. जुलैत अधिक महिना चालला होता. त्या चतुर्थीला कोणत्याही बहिणीने उपवास केलेला नव्हता.

मी मामाला विचारले की त्या दिवशी त्याने काही लिहून ठेवले होते का. त्याने भिंतीवरच्या खिळ्यात अडकवलेली दोन पुठ्ठ्याची कार्डे काढून दिली. गावाकडे गाय व्याली की जशी तिथी लिहितात, तशी त्याने निळ्या पेनाने ठसठशीत अक्षरांत लिहिली होती: श्रावण शु. ४. त्याला निज लिहायची गरज वाटली नव्हती, कारण त्याच्या घरी त्या दिवशी चूल थंड होती. पुढे दिवाळीनंतर प्रयोगशाळेत नवा संगणक आला, आणि सगळी जुनी कार्डे एकदम त्यात भरली गेली. भरणाऱ्या कारकुनाने फोनवर तिथी घातली आणि जी तारीख प्रथम आली ती उचलली. श्रावण दोनदा येतो हे त्याला शिकवलेच कोणी नव्हते. एका महिन्याचा फरक पडला. माद्या पाच महिन्यांच्या होत्या.

पाच आणि सहा, यात काय बिघडते, असे वाचकाला वाटेल. मलाही ते नीट माहीत नव्हते. म्हणून मी त्याच दुपारी संशोधिकेच्या खोलीत जाऊन बसले आणि तिला शाळकरी मुलीसारखे विचारले. तिने मनापासून समजावून सांगितले. मी का विचारते आहे ते तिला तोवर ठाऊक नव्हते. मादी वयात आली, माजावर येऊन गेली, की अंडाशयात बारीक पिवळसर पिंड तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात. औषधाने अंडाशयाला इजा केली तर ते बनत नाहीत. तेच पाहायचे होते. आणि जी मादी अजून वयातच आलेली नाही, तिच्यात ते नसतातच. तिला औषध दिले काय आणि गोड पाक दिला काय, अंडाशय रिकामेच.

"म्हणजे कोवळी असेल तर काहीच कळणार नाही?" मी विचारले.

"काहीच नाही, बाई. आठही फुकट जातील. आणि औषध बिनधोक आहे असंसुद्धा कोणी लिहून टाकेल, कारण दोन्हीकडं सारखंच दिसेल ना."

तेव्हा मी पर्समधून ती दोन कार्डे काढून तिच्यासमोर ठेवली आणि दोन श्रावणांचे सांगितले.

तिला समजायला वेळ लागला नाही. तिने फोनवर तारखा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि मग तिचा चेहरा कठोर झाला. ती मला म्हणाली की सगळे आखले गेले आहे, औषध पाठवणारी कंपनी सोमवारी सुरुवात धरून बसली आहे, आता थांबायचे म्हणजे तिचीच नेमणूक थांबायची. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "तुम्ही मला शाळेतही विसर्गासाठी अर्धा मार्क कापला होता."

कापला होता. तो मी परत दिला नव्हता.

त्या संध्याकाळी बसमध्ये बसून मी ज्या गोष्टीचा विचार केला ती गोष्ट मी आजवर लिहिलेली नाही. मी बारा वर्षांची होईपर्यंत वडील मला रोज सकाळी शेजारी बसवून स्तोत्रे म्हणवून घेत. बारावे सरले त्या दिवशी आत्याने जाहीर केले की आता ही शहाणी झालीच समजा. मुलीला प्रथम ऋतू येण्याला आमच्यात शहाणी होणे म्हणत. मला काहीही झालेले नव्हते. मी तसे सांगितले. आत्या म्हणाली, मुली लपवतात. मग तिने स्वतःच दिवस मोजले आणि दर महिन्याला चार दिवस मला बाजूला बसवले. अशी मी दीड वर्ष, काही कारण नसताना, ठरल्या दिवशी बाजूला बसत होते आणि वडील ओसरीवर एकटेच स्तोत्र म्हणत होते. माझे वय मोजले गेले. माझ्या शरीराला कोणी विचारले नाही. त्या दीड वर्षात माझा देवावरचा विश्वास उडाला नाही. मोजणाऱ्यांवरचा मात्र उडाला, आणि तो पुन्हा बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. लांब टेबल, चहा, खारी बिस्किटे. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते, सभ्य आणि घाईतले. बैठकीत हा विषय निघाला की पुरुषमंडळी इंग्रजी अक्षरांच्या आडोशाने बोलत. माज हा शब्द कोणी उच्चारीत नसे. मी साध्या मराठीत सांगितले की या माद्या माजावर आलेल्या नाहीत, त्या वयात आलेल्या नाहीत, त्यांची जन्मतारीख महिन्याने चुकली आहे, आणि मी सही करणार नाही. कार्डे मी टेबलावर फिरवली. संशोधिका खाली मान घालून बसली होती.

अध्यक्षांनी कार्डे पाहून हसून बाजूला ठेवली. ते म्हणाले की देखभाल करणाऱ्या माणसाच्या आठवणीवर आपण प्रयोग थांबवू शकत नाही. आणि मग, सगळ्यांकडे पाहत, "आता विज्ञान पंचांगावर चालवायचं का, बाई?"

दोघेतिघे हसले.

"पंचांग मी आणलेलं नाही," मी म्हणाले. "तुमच्या संगणकातली तारीख पंचांगातूनच काढलेली आहे. मी ती फक्त नीट वाचली."

हसणे थांबले, पण त्यांचा विचार बदलला नाही. ते म्हणाले की महिनाभराच्या फरकाने आकाश कोसळत नाही, यातल्या काही जणी औषधाच्या महिन्यात वयात येतीलही. मी विचारले, किती जणी, आणि कोणत्या. त्यांना सांगता येईना. मी म्हणाले की मला तारीख नको, महिनाही नको. प्रत्येक मादी दोनदा माजावर आलेली मामाने पाहिली पाहिजे आणि लिहून ठेवली पाहिजे, मग मी सही करीन. ज्या मरणातून काही कळणार आहे त्याला मी संमती देते, आणि दिल्यावर रात्री झोपही घेते. ज्यातून काही कळणार नाही ते मरण तुम्ही माझ्या सहीने मागू नका. त्या समितीच्या नियमात माझ्या सहीवाचून अर्ज पुढे जात नव्हता. तो गेला नाही.

बाहेर व्हरांड्यात संशोधिका माझ्याशी बोलली नाही. तिने मला गाडीपर्यंत सोडले, दार उघडून धरले, आणि ती परत गेली. शाळेत असल्यापासून तिला मला वाकून नमस्कार करायची सवय होती. त्या दिवशी तिने केला नाही.

पुढचे दोन महिने मी आठवड्यातून तीनदा बजाजनगरची बस धरली. माजाची परीक्षा करण्याची मामाची रीत मी तिथे शिकले. सकाळी खाणे टाकण्याआधी तो एक नर पलीकडच्या बोळातून फिरवून नेई, म्हणजे त्याचा वास आत पसरे. मग तो एकेका मादीच्या पाठीवर, कमरेजवळ, तळहात ठेवून हळूहळू दाब देई. जी वयात आलेली नाही ती किंचाळून निसटे. जी माजावर असेल ती खांबासारखी जागच्या जागी उभी राही, कान ताठ करून, जणू तिला काही ऐकू येते आहे. योनिमुख किंचित लालसर दिसे. ते मामा मला निःसंकोच दाखवी आणि मी निःसंकोच पाही. यात लाजण्याजोगे मला काही आढळले नाही. सृष्टी जिने पुढे चालते ती गोष्ट पाहताना बाईने मान वळवावी, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे ते मला कोणी दाखवलेले नाही.

पहिले तीन आठवडे सगळ्या निसटल्या. मामा रोज वहीत लिही: नाय. आठ ओळी, आठ वेळा नाय. अध्यक्षांचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्यात त्यांनी फार नम्रपणे सुचवले की माझे वय झाले आहे, हा प्रवास मला झेपत नसेल. मी तितक्याच नम्रपणे सांगितले की बसमध्ये मला बसायला जागा मिळते.

मग एका सकाळी मी पोचले तेव्हा संशोधिका कोंडवाड्यात होती. मामा बाजूला उभा आणि ती स्वतः गुडघ्यावर बसून, एका मादीच्या पाठीवर हात दाबून. मादी हलत नव्हती. मामाने मला बोटाने खूण केली की बोलू नका. ती मुलगी बराच वेळ तशीच बसून राहिली. उठली तेव्हा म्हणाली, "बाई, ही आली."

"त्या सोमवारी नसती आली," मी म्हणाले.

"नसती आली," ती म्हणाली, आणि वहीत तिने स्वतः लिहिले.

त्यानंतर एकेक येत गेली. होळीपर्यंत सहा जणी तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा उभ्या राहिल्या. दोघी मात्र एकदाही राहिल्या नाहीत. मामा म्हणाला, "आसतात आशाबी. त्यायची येळ आली नाय." पुन्हा बैठक बसली. या वेळी अध्यक्षांच्या पुढ्यात औषध-कंपनीचे एक पत्र होते. ते त्यांनी वाचून दाखवले नाही, फक्त त्यावर हात ठेवला. ते म्हणाले की आठांपैकी सहा म्हणजे आपला हेतू सफळ झाला, आता आठही घेऊन सुरुवात करू, याहून अधिक अडवणूक समितीला परवडणार नाही. आणि माझी हरकत असेल तर मी समितीतून मोकळी होण्यास स्वतंत्र आहे.

मी म्हणाले की मोकळी होणार नाही. काढायचे असेल तर लेखी काढा आणि कारण लिहा, श्रावणासकट.

मला वाटले होते की पुढे बोलायचे तेही मलाच बोलावे लागेल. पण संशोधिकेने वही उघडून टेबलाच्या मध्यभागी सरकवली. ती उठून उभी राहिली नाही, आवाजही चढवला नाही. ती म्हणाली, "सर, अर्ज माझा आहे. मी सहाच घेणार. तीन औषधाला, तीन पाकाला. त्या दोघींचं अंडाशय बघून मला काही सांगता येणार नाही, आणि सांगता येणार नाही ते मी लिहिणार नाही." अध्यक्ष म्हणाले की मग तिच्या मुदतीचे काय ते तिने पाहावे. ती म्हणाली, बघते.

तिच्या हातून मी अर्ज घेतला, आठचा आकडा खोडून सहा लिहिले, खोडलेल्या जागी आम्ही दोघींनी लहान सह्या केल्या, आणि मग खाली मी माझी पूर्ण सही केली. तिला दोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. ती कशी मिळाली, कोणापुढे तिला काय बोलावे लागले, हे तिने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. माजावर न आलेल्या त्या दोन माद्या मामाच्या ताब्यात पैदाशीच्या कोंडवाड्यात परत गेल्या.

अक्षय्यतृतीयेनंतर त्या सहा जणींचा शेवटचा दिवस आला. मी गेले. कोणी बोलावले नव्हते, कोणी अडवलेही नाही. त्यांना आधी गुंगीचे औषध देतात. मामा प्रत्येकीला कुशीत धरून बसत होता आणि डोळे मिटेपर्यंत कानामागे खाजवीत होता. मी भिंतीशी उभी राहिले आणि सहाही जणींचे मरण पाहिले. दुपारी तो जेवला नाही. मी त्याला डबा दिला. त्याने तो झाकण न उघडता परत केला.

पंधरवड्याने संशोधिकेने मला बोलावून सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. काचेवरचा तुकडा सरकवत ती एकेक दाखवत गेली. पाकाच्या तिघींमध्ये ते पिंड होते. गोल, भरलेले, एकमेकांना चिकटून. औषधाच्या तिघींमध्ये ताजा एकही नव्हता. मला तिने समजावण्याची गरज नव्हती, तरी ती बोलली. ती म्हणाली की जानेवारीत सुरू केले असते तर आठही काचा अशाच रिकाम्या दिसल्या असत्या आणि तिनेच खाली लिहिले असते की फरक आढळला नाही. औषध तिथून पुढे जाणार नव्हते. तिचा अहवाल कोणाला आवडणार नव्हता, हेही तिला ठाऊक होते. तो तिने आदल्या दिवशीच पाठवला होता.

आम्ही दोघी खोलीबाहेरच्या बेसिनपाशी हात धूत होतो. नळ एकच होता. तिने आधी माझ्या हातावर साबण दिला, मग स्वतः घेतला. पाण्याकडे पाहत तिने विचारले, "बाई, तुम्ही त्यांच्यासाठी घरी काही म्हटलंत का? म्हणजे, प्रार्थना?"

"नाही."

तिला ते अपेक्षित नव्हते. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिले.

मी तिला सांगितले की रोजची पूजा झाली, रोजचे स्तोत्र झाले, त्यात एक अक्षर वाढवले नाही. देवापुढे जाऊन त्यांच्या गतीसाठी हात जोडले असते तर मला हलके वाटले असते, आणि मला हलके वाटून घ्यायचे नव्हते. सही माझी होती. ती मी विचारपूर्वक केली, ती योग्य होती असे मी आजही मानते, आणि तिचा भार त्याच्यावर ढकलायला मी तयार नाही. त्याने मला बुद्धी दिली, पेन माझ्या हातात होते.

"मीपण काही म्हटलं नाही," ती म्हणाली. मग तिने रुमाल आधी माझ्यापुढे धरला.